शिवाशिवी : वंचित मुलांच्या मैदानाचा इतिहास

१९१९ साली पुण्यात डेक्कन जिमखान्याने मैदानी शर्यती भरविल्या होत्या. जिमखान्याचे पहिले अध्यक्ष सर दोराबजी टाटा त्या वेळी उपस्थित होते. पुढे दहा वर्षांनी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी या शर्यतींची आठवण नोंदवून ठेवली आहे. धावणारी बहुतेक मुले शेतकरी कुटुंबांतली होती. शेतात राबणारी, साध्या अन्नावर वाढलेली आणि शर्यतीच्या आधुनिक नियमांची गंधवार्ताही नसलेली ही मुले अनवाणी धावली, आणि त्यांची वेळ युरोपातील नामवंत धावपटूंच्या वेळेच्या जवळपास आली. दोराबजींनी हे पाहिले, बक्षीस समारंभास आलेल्या मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरांपाशी विषय काढला, आणि १९२० मध्ये भारताचे लहानसे पथक बेल्जियममधील अँटवर्पच्या ऑलिंपिकला गेले. खर्चाचा बराच भार दोराबजींनी स्वतः उचलला. त्या पथकातील बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले.

ही हकिकत भारतीय ऑलिंपिकच्या इतिहासाचा प्रारंभ म्हणून सांगितली जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु शाळेच्या दृष्टीने तिच्याकडे पाहिले तर वेगळाच मुद्दा डोळ्यांत भरतो. त्या मुलांसाठी कोणी काहीच केलेले नव्हते. बूट दिले नव्हते, सराव घेतला नव्हता, चौरस आहाराची सोय केली नव्हती. तरीही ती मैदानावर येऊ शकली, कारण त्या शर्यतीने त्यांच्याकडे धावण्याखेरीज दुसरे काही मागितले नाही. ज्या मैदानाने अधिक काही मागितले, त्या मैदानावर अशी मुले आली नाहीत आणि ती आली नाहीत याची नोंदही कोणी ठेवली नाही.

आपल्या शाळांतील वार्षिक क्रीडादिन हा मुळात इंग्रजी शाळांचा वारसा आहे. एकोणिसाव्या शतकात तेथील शाळा-महाविद्यालयांनी शर्यती, अडथळे, उड्या आणि गोळाफेक यांचे वार्षिक कार्यक्रम सुरू केले आणि शिक्षणखात्याबरोबर ती प्रथा हिंदुस्थानात आली. तिच्याबरोबर आणखीही काही आले: पांढरा गणवेश, कॅनव्हासचे बूट, छापील निमंत्रणपत्रिका, मांडवाखालच्या खुर्च्या, टेबलावर ओळीने मांडलेले चषक. लहान मुलांसाठी पोत्याची शर्यत, तीन पायांची शर्यत आणि लिंबू-चमचा. यांतले काहीही वाईट नाही. मात्र 'लिंबू-चमच्यासाठी प्रत्येकाने घरून चमचा आणावा' अशी सूचना वर्गात निघाली की कोणाच्या घरी आणण्याजोगा चमचा नाही, हे दुसऱ्या दिवशी साऱ्या वर्गाला कळते. ते मूल त्या दिवशी 'बरे नाही' म्हणून घरी राहते. हजेरीपटावर एक गैरहजेरी लागते, एवढेच.

मैदानावर येण्याची दुसरीही एक वाट होती, ती चाकरीची. पळवणकर बाळू यांचे उदाहरण सर्वांस ठाऊक आहे. चर्मकार कुटुंबातील हा मुलगा पुण्यात प्रथम पारशी क्लबच्या मैदानाची झाडलोट करीत होता. नंतर पूना जिमखान्यावर चार रुपये महिन्याने खेळपट्टी लोळविणे, जाळी बांधणे ही कामे त्याच्याकडे आली. साहेबांना फलंदाजीच्या सरावासाठी चेंडू टाकता टाकता तो देशातील पहिल्या प्रतीचा डावखुरा गोलंदाज झाला. हिंदू संघाने त्याला घेतले, कारण त्याच्यावाचून युरोपियनांना हरविणे कठीण होते. खेळताना चेंडू एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जात होता. चहाच्या वेळी मात्र बाळूला मंडपाबाहेर मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा मिळे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभराहून अधिक बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्याच्या वाट्याला कधी आले नाही. ते १९२३ मध्ये त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल याला मिळाले. विठ्ठलला ते मिळाले तेव्हा बाळूची खेळातील उमेदीची वर्षे सरून गेली होती.

क्रिकेटमध्ये हे जमू शकले, कारण क्रिकेटमध्ये माणसे एकमेकांपासून अंतरावर उभी असतात. आपल्या देशी खेळांत ती सोय नाही.

येथे एका मराठी शब्दापाशी थांबले पाहिजे. 'शिवाशिवी' हा मुलांचा खेळ महाराष्ट्रात गावोगाव खेळला जातो. एकावर राज्य येते, त्याने इतरांना शिवायचे. ज्याला शिवले त्याच्यावर राज्य. आणि 'शिवाशिव' हाच शब्द मोठ्यांच्या जगात विटाळ पाळण्यासाठी वापरला जात असे. अंगणात मुले ज्या शब्दासाठी धावत, उंबऱ्यावर वडीलधारी त्याच शब्दाने मुलांना अडवीत. भाषेला यातली विसंगती जाणवली नाही. मुलांना ती जाणवत असणार. हुतूतूत चढाई करणाऱ्याला घेरून, मिठी मारून, पाय धरून पाडावे लागते. खो-खोमध्ये बसलेल्या गड्याच्या पाठीला हात लावल्याखेरीज खो देता येत नाही. आट्यापाट्यांत पाटी धरलेल्याने पार होणाऱ्याला शिवायचे असते. हे सारे स्पर्शाचे खेळ आहेत. त्यांना साहित्य जवळजवळ लागतच नाही. खो-खोला दोन खांब, हुतूतूला चार रेघा, आणि रेघा मारायला फक्की नसली तर राखही चालते. बूट तर अडचणच. गरिबीच्या दृष्टीने यांच्याइतके मोकळे खेळ जगात थोडे असतील. स्पर्शाच्या दृष्टीने मात्र यांच्याइतकी कठोर परीक्षा घेणारे खेळही थोडेच.

या खेळांना लिखित नियम मिळाले ते प्रामुख्याने पुण्यात आणि बडोद्यात. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने पहिल्या महायुद्धाच्या सुमारास खो-खोची घडी बसविली. बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने १९२३ च्या सुमारास हुतूतू आणि खो-खो यांचे नियम छापले आणि अखिल भारतीय पातळीवरचे सामने भरविण्यास आरंभ केला. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाने बडोद्याचे हे ऋण विशेष लक्षात ठेवावे. त्याच शहरात जुम्मादादा व्यायाम मंदिरात राजरत्न प्रा. माणिकराव मुलांना तालमीचे शिक्षण देत होते आणि संघव्यायामाच्या आज्ञा इंग्रजीतून न देता देशी भाषेतून देण्याचा प्रघात पाडत होते. त्याच शहरात द. चिं. मुजुमदार यांनी पुढे 'व्यायाम ज्ञानकोशा'चे दहा खंड मराठीतून सिद्ध केले. 'सावधान' म्हटल्यावर सावध होण्यासाठी इंग्रजी यावे लागू नये, ही गोष्ट आज किरकोळ वाटते. पहिल्या पिढीत शाळेत आलेल्या मुलासाठी ती किरकोळ नव्हती.

बडोदे संस्थान शिक्षणात सर्वांच्या पुढे होते. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १८८०च्या दशकाच्या आरंभीच अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी शाळा उघडल्या. १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये सर्व संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. भीमराव आंबेडकरांना अमेरिकेत शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली ती याच महाराजांनी. आणि कोलंबिया विद्यापीठात शिकून १९१७ मध्ये बडोद्याच्या नोकरीवर रुजू झालेल्या आंबेडकरांना राहायला जागा मिळाली नाही तीही याच शहरात. पारशी धर्मशाळेत ते नाव लपवून राहिले, तेथून काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. महाराजांची सनद हातात असलेल्या विद्वानाची ही अवस्था. मग वस्तीतल्या दहा वर्षांच्या मुलाने जिमखान्याच्या मैदानावर खो कोणाला द्यायचा? नियमांच्या पुस्तकात त्याला बंदी नव्हती. पुस्तकात तसे लिहिण्याची गरजच पडत नसे. शाळा वेगळी होती, म्हणून मैदान वेगळे होते, म्हणून संघ वेगळा होता.

हा वेगळेपणा मोडण्याचे प्रयत्न कोणी केले, याचा शोध घेतला तर क्रीडासंस्थांच्या इतिहासापेक्षा वसतिगृहांच्या आणि सेवासंस्थांच्या इतिहासात अधिक सापडते. कर्मवीर भाऊराव पाटील स्वतः कुस्तीचा नाद असलेले गृहस्थ. त्यांनी १९२४ मध्ये साताऱ्याला काढलेल्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत, एका पंगतीला जेवत. जेथे जेवणाची पंगत एक होती तेथे खेळाचे मैदान वेगळे राहण्याचा प्रश्नच उरला नाही. हा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. खेळामुळे समाज एक होतो असे भाषणांतून नेहमी सांगितले जाते. साताऱ्यात समाज आधी ताटापाशी एक झाला. १९४१ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्र सेवा दलाच्या शाखांवर मुलगे आणि मुली, सर्व जातींची मुले रोज संध्याकाळी एकत्र खेळत. साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून उपोषण केले, तेव्हा त्यांच्या पाठीशी उभे राहिलेल्या तरुणांत या मैदानांवर वाढलेले पुष्कळ होते.

मुंबईतला एक प्रयोग याहून निराळा आणि काहीसा विस्मृत आहे. अमेरिकन मराठी मिशनच्या वतीने क्लिफर्ड मॅन्शर्ट हे १९२५ मध्ये मुंबईत आले आणि त्यानंतर लवकरच त्यांनी नागपाड्यात 'नागपाडा नेबरहूड हाऊस' सुरू केले. नागपाडा म्हणजे दाट वस्तीचा, कष्टकऱ्यांचा, अनेक धर्मांच्या लोकांचा भाग, शेजारीच कामाठीपुरा. मॅन्शर्ट यांचे शिक्षण शिकागोत झाले होते आणि गरीब वस्तीच्या मधोमध राहून काम करण्याची तेथील पद्धत त्यांनी येथे आणली. धर्मांतर हा हेतू त्यांनी बाजूला ठेवला. दवाखाना, वाचनालय, व्याख्याने आणि त्यांच्या बरोबरीनेच मुलांचे खेळ, असे कामाचे स्वरूप होते. या कामाला शिकलेली माणसे हवीत या जाणिवेतून १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याची पदव्युत्तर संस्था निघाली. तिचे पहिले संचालक मॅन्शर्टच होते आणि तिचे पहिले वर्ग नागपाड्यातच भरले. आज ती टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून देशभर ओळखली जाते. अनवाणी धावणाऱ्या मुलांना ऑलिंपिकला पाठविणाऱ्या गृहस्थांचे नाव अशा रीतीने पुन्हा एकदा वस्तीतल्या मुलांशी जोडले गेले.

नागपाड्याच्या प्रयोगातून एक गोष्ट स्पष्ट होते. वर्षातून एकदा वस्तीत जाऊन शर्यती लावणे, फोटो काढणे आणि बिस्किटांचे पुडे वाटून परतणे याला खेळ म्हणत नाहीत. त्याला दान म्हणतात. दानही वाईट नसते, पण मुलांना दोन्हींतला फरक लगेच कळतो. नागपाड्यात दार रोज उघडे होते. स्पर्धेच्या दिवशी जे मूल धावे ते काल संध्याकाळीही तेथेच खेळलेले असे आणि उद्याही येणार असे. वस्तीतला क्रीडादिन यशस्वी होतो तो आदल्या वर्षभराच्या संध्याकाळांवर. ज्या शाळांनी वस्तीतल्या मुलांसाठी हौसेने एकदिवसीय मेळावे भरविले आणि दोन-तीन वर्षांत बंद केले, त्यांच्या अपयशाचे कारण पैशात शोधण्यापेक्षा येथे शोधावे.

शिकलेल्या क्रीडाशिक्षकांची पिढी तयार होऊ लागली तीही याच काळात. मद्रासला हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये वाय.एम.सी.ए.चे शारीरिक शिक्षण महाविद्यालय स्थापन केले, मुंबईजवळ कांदिवलीला १९३८ मध्ये सरकारी प्रशिक्षण संस्था निघाली, आणि तिचे प्राचार्य पी. एम. जोसेफ हेच १९५७ मध्ये ग्वाल्हेरच्या लक्ष्मीबाई महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य झाले. स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. पंधराव्या कलमाने विहिरी, तळी, रस्ते यांबरोबरच सरकारी खर्चाने चालणारी सार्वजनिक वापराची ठिकाणे सर्वांना खुली केली. मैदान हे अशा ठिकाणांत मोडते, हे वेगळे सांगण्याची गरज नसावी.

हुतूतू आता कबड्डी झाली होती. पुरुषांच्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धा १९५२ मध्ये मद्रासला आणि महिलांच्या १९५५ मध्ये कलकत्त्याला झाल्या. खो-खोच्या राष्ट्रीय स्पर्धा १९५९-६० मध्ये विजयवाड्यापासून सुरू झाल्या. महिलांच्या पुढच्याच वर्षी कोल्हापुरात. मराठी मुलखातले हे खेळ मराठी मुलखाबाहेर गेले. मराठी माणूस नोकरीनिमित्त परप्रांतात गेला की गणपती, नाटक आणि खो-खोचे दोन खांब बरोबर नेतो, असे थट्टेने म्हटले जाई. त्यात तथ्य होते. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद अशा शहरांत मराठी वस्त्या आणि मराठी शाळा होत्या, आणि खो-खो तेथे मराठी मुलांपुरता राहिला नाही. ज्याला मराठीचे अवाक्षर येत नाही तो शेजारचा मुलगाही 'खो' एवढा एक शब्द शिकून खेळात येत असे. भाषेच्या शाळेला अशा एकाक्षरी दाराची किंमत कळली पाहिजे.

मुलींचा प्रश्न मात्र राष्ट्रीय स्पर्धांच्या तारखांनी सुटत नाही. सुखवस्तू घरातली मुलगी खेळायला येत नाही ती लोक काय म्हणतील म्हणून. कष्टकरी घरातली येत नाही ती धाकट्या भावंडाला कोण सांभाळील म्हणून. ही दोन वेगळी कारणे आहेत आणि त्यांवरचे उपायही वेगळे. वस्तीतल्या मुलींसाठी शर्यती ठेवायच्या तर कडेला सतरंजी अंथरून कडेवरच्या भावंडांना सांभाळणारी दोन मोठी माणसे बसवावी लागतात. नळाला पाणी येण्याची वेळ टाळावी लागते. आई-वडिलांचा हजेरीचा रोज बुडू नये म्हणून आठवडी सुटीचा दिवस धरावा लागतो, आणि तो रविवारच असतो असे नाही. क्रीडासंघटनांच्या नियमपुस्तकांत ही कलमे नाहीत. ज्यांनी ती पाळली त्यांच्याकडे मुली आल्या.

वंचना केवळ पैशाने आणि जातीने होते असेही नाही. या संदर्भात शिकागो शहर दुसऱ्यांदा येते. तेथील उद्यान विभागात अ‍ॅन बर्क ही तरुण शिक्षिका मतिमंद म्हणून बाजूला ठेवलेल्या मुलांना खेळ शिकवीत होती. त्यांच्यासाठी शहराने एक क्रीडादिन भरवावा ही तिची कल्पना. युनिस केनेडी श्रायव्हर यांनी १९६२ पासून आपल्या घराच्या आवारात अशा मुलांसाठी उन्हाळी शिबिरे घेतली होती. त्यांनी ही कल्पना उचलून धरली आणि २० जुलै १९६८ रोजी शिकागोच्या सोल्जर फील्डवर सुमारे एक हजार मुले-मुली स्पर्धेत उतरली. पंचाऐंशी हजार प्रेक्षक मावतील अशा त्या मैदानाच्या बाकांवर शंभर माणसेही नव्हती, असे सांगितले जाते. पुढे हीच 'स्पेशल ऑलिंपिक्स' चळवळ झाली आणि भारतातही आली. तिच्यातील एक पद्धत प्रत्येक शाळेने समजून घेण्याजोगी आहे. तेथे गट केवळ वयावर पाडत नाहीत. प्रत्येकाची आधी वेळ घेतात आणि साधारण पंधरा टक्क्यांच्या फरकात बसणाऱ्यांना एका शर्यतीत उभे करतात. त्यामुळे धावणाऱ्या प्रत्येकाला बरोबरीचा प्रतिस्पर्धी मिळतो, आणि शर्यत शेवटच्या पावलापर्यंत शर्यत राहते.

आपल्याकडे अर्धपोटी वाढलेला बारा वर्षांचा मुलगा आणि दूध-तुपावर वाढलेला बारा वर्षांचा मुलगा यांना 'बारा वर्षांखालील' या एका रेघेवर उभे केले जाते. वय सारखे असते, पाय सारखे नसतात. शिवाय वस्तीतल्या पुष्कळ मुलांची जन्मतारीख शाळेत दाखल करतानाच ठरलेली असते. जुन्या दाखल्यांवर १ जून ही तारीख किती जणांच्या वाट्याला आली आहे हे कोणत्याही शाळेच्या कार्यालयात पाहता येईल. उंचीवरून किंवा वजनावरून गट पाडण्याची तालमींतली जुनी रीत या बाबतीत कागदी वयापेक्षा अधिक न्याय्य होती.

नागपूरचा प्रयोग अगदी अलीकडचा. २००१ साली पावसाळ्यात हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी रस्त्याकडेच्या झोपडपट्टीतील मुलांना फुटकी बादली फुटबॉलसारखी लाथाडताना पाहिले. भर पावसात मुले रंगून गेली होती. बारसे यांनी त्यांना चेंडू दिला, महाविद्यालयाच्या मैदानावर बोलावले, आणि त्याच वर्षी झोपडपट्टीतील संघांची स्पर्धा जाहीर केली. १२८ संघ आले. हा आकडा ऐकून अनेकांना नवल वाटले. वास्तविक नवल याचे वाटावयास हवे होते की एवढे संघ होण्याइतकी मुले शहरात रोज खेळत असताना कोणत्याही क्रीडासंघटनेच्या नोंदवहीत त्यांचे नाव नव्हते. पुढे हे काम देशातील इतर राज्यांत पसरले, त्यातील मुले बेघरांच्या जागतिक फुटबॉल स्पर्धेसाठी परदेशी गेली. नागराज मंजुळे यांच्या २०२२ मधील 'झुंड' चित्रपटाने हा विषय घरोघर पोहोचविला.

चित्रपटात विमानतळ आहे, पासपोर्ट आहे, टाळ्या आहेत. ते असणारच. परंतु या कामातील खरी कळ पहिल्या दिवसात आहे. बारसे यांनी मुलांना बादली सोडा, नीट गणवेशात या, प्रवेशशुल्क भरा असे सांगितले नाही. जी मुले खेळतच होती त्यांना त्यांनी मैदान दिले. स्पर्धेला त्यांनी झोपडपट्टीचे नाव दिले. ते नाव लावावे की न लावावे, यावर दोन मते होऊ शकतात. नाव झाकले की मुलांची लाज झाकली जाते असे एक मत. नाव उघडपणे फलकावर लिहिले की लाज बाळगण्याचे कारण उरत नाही असे दुसरे. शाळेत शिकविणाऱ्या माणसाला पहिले मत सोयीचे वाटते. वस्तीतल्या मुलांनी मात्र त्या फलकाखाली उभे राहून १२८ संघांची नावे नोंदविली.

मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या परिशिष्टात शाळेला क्रीडांगण असावे आणि प्रत्येक वर्गाला खेळाचे साहित्य मिळावे असे स्पष्ट लिहिले आहे. त्याच कायद्याने विनाअनुदानित खाजगी शाळांत पहिलीच्या किमान पंचवीस टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठी ठेवल्या. प्रवेश मिळाला, क्रीडादिनाच्या वेषभूषेचा, बुटांचा आणि सहलीच्या वर्गणीचा खर्च त्या पंचवीस टक्क्यांनी कसा पेलावा, हे प्रत्येक शाळेच्या सद्बुद्धीवर राहिले. शहरांतील शाळांची मैदाने एका बाजूने इमारतीने आणि दुसऱ्या बाजूने वाहनतळाने खाल्ली आहेत, ही गोष्ट वेगळीच.

महाराष्ट्राबाहेरील मराठी शाळांच्या बाबतीत हा इतिहास आता दूरचा राहिलेला नाही. पन्नास-साठ वर्षांपूर्वी या शाळांत रेल्वेतील, टपाल खात्यातील, बँकांतील मराठी कुटुंबांची मुले येत. त्या कुटुंबांची नातवंडे आज इंग्रजी शाळांत आहेत. मराठी शाळेच्या बाकांवर आता अनेक ठिकाणी बांधकामावरील मजुरांची, घरकाम करणाऱ्या बायांची, भाजीची गाडी लावणाऱ्यांची, हंगामी कामासाठी विदर्भ-मराठवाड्यातून आलेल्यांची मुले बसतात. कित्येकांच्या घरची बोली पुस्तकातल्या मराठीहून वेगळी असते. पूर्वी शाळा वस्तीतल्या मुलांसाठी क्रीडादिन भरवीत असे. आता शाळेचा क्रीडादिन हाच वस्तीतल्या मुलांचा क्रीडादिन आहे. माजी विद्यार्थी देणगी देतात तेव्हा चषकांसाठी देतात, क्वचित मंडपासाठी. पाठीवर क्रमांक शिवलेल्या बनियनसाठी, शर्यतीआधीच्या उसळ-पोळीसाठी, मैदानावरची काच आणि खिळे वेचून घेण्याच्या दोन दिवसांच्या मजुरीसाठी सहसा कोणी देत नाही, कारण त्यांवर देणगीदाराचे नाव कोरता येत नाही. अनवाणी धावणाऱ्या मुलांना यांतली शेवटची मजुरी सर्वांत उपयोगाची.

मैदानावर मोठ्या मुलांची कबड्डी सुरू होण्यापूर्वी लहान वर्गांची शिवाशिवी लावण्याची रीत काही शाळांत आहे. तिला बक्षीस नसते, पंच नसतात, आणि कार्यक्रमपत्रिकेत तिला क्रमांकही नसतो. शिक्षिका एवढेच पाहतात की राज्य एकाच मुलावर फार वेळ राहू नये, आणि असे एखादे मूल कडेला उभे नाही ना की ज्याला कोणी शिवायलाच गेलेले नाही.